रिकाम्या जागेचा मानकरी

सायफर इंग्रजीत राहतो, पण तो मूळचा तिथला नाही. गेली सहाशे वर्षं त्या भाषेत त्याचं बिऱ्हाड आहे आणि एवढ्या काळात त्यानं इतके धंदे केले की नुसत्या नावावरून त्याची ओळख पटवणं अवघड झालं आहे. वकिलातीतला माणूस त्याला गुप्त लिपी म्हणून ओळखतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन मास्तराच्या लेखी तो म्हणजे हिशेब, पाटीवरची गणितं. लंडनच्या राजवाड्यात त्याचा अर्थ राजाच्या नावाची एकमेकांत गुंफलेली आद्याक्षरं. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा त्याचं नाव ऐकून कपाळाला हात लावतो, कारण त्याच्या वाद्यातला एक हट्टी बिघाड याच नावानं ओळखला जातो. आणि चारचौघांत एखाद्याला कोणी सायफर म्हटलं, तर या माणसाची किंमत शून्य, असं सांगून झालेलं असतं.

इतके अर्थ एकाच्याच अंगावर कसे चढले हे कळायला त्याचं घराणं पाहावं लागतं. ते घराणं आपल्याकडचं आहे.

राजस्थानातल्या भिनमाळला, तेव्हाच्या भिल्लमालला, ब्रह्मगुप्तानं ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धान्त लिहिला. शून्य त्याआधीही होतं, पण ते आकड्यांमधली मोकळी जागा दाखवायला. ब्रह्मगुप्तानं त्याला संख्यांच्या पंगतीत पान वाढलं. शून्य मिळवलं तर काय होतं, वजा केलं तर काय, गुणलं तर काय, याचे नियम त्यानं घालून दिले. शून्यानं भागण्याचं त्याचं उत्तर आजच्या गणिताला मान्य होणार नाही, पण तो प्रश्न विचारावा असं त्याला वाटलं, हेच मला मोठं वाटतं.

या घराण्याचा जुना दगडी पुरावा ग्वाल्हेरला आहे. ग्वाल्हेर म्हटलं की आपल्याला शिंदे आठवतात. पुढच्या वेळी गेलात तर किल्ल्याच्या चढावर कातळात कोरलेलं चतुर्भुजाचं लहानसं देऊळ चुकवू नका. तिथल्या ८७६ सालच्या संस्कृत लेखात देवाला दिलेल्या फुलबागेची मापं आहेत. एक बाजू १८७ हात, दुसरी २७० हात. त्या बागेतून रोज ५० हार देवाला जायचे. त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य आपण आज काढतो तसंच गोल आहे, फक्त शेजारच्या आकड्यांपेक्षा आकारानं लहान. ज्या शून्यानं पुढे सरदार फासावर आणि राणी वधस्तंभावर चढवली, ते इथे फुलांचे हार मोजत होतं.

आठव्या शतकात भारतीय ज्योतिषाचे ग्रंथ बगदादला पोचले. नवव्या शतकात अल-ख्वारिज्मीनं भारतीय आकड्यांनी हिशेब कसा करायचा यावर पुस्तक लिहिलं. अरबांनी शून्य हा उच्चार उचलला नाही, त्याचा अर्थ उचलला आणि त्याला आपल्या भाषेतलं नाव दिलं. सिफ्र, म्हणजे रिकामं. सायफरचं नाव पडलं ते इथे. बारशाला आलेल्या मंडळींत एक माणूस होता त्याच्याकडे मात्र नीट लक्ष द्यायला हवं. त्याचं नाव अल-किंदी. यानंही भारतीय आकड्यांवर लिहिलं, आणि यानंच गुप्त लिपी फोडायची पहिली ज्ञात रीत लिहून ठेवली. प्रत्येक भाषेत काही अक्षरं सारखी येतात, काही क्वचित. गूढ मजकुरातली कोणती खूण किती वेळा आली ते मोजा, साध्या मजकुरातल्या अक्षरांशी ताडून पाहा, आणि गाठ सुटायला लागते. ही त्याची हस्तलिखित पोथी इस्तंबूलच्या सुलेमानिये ग्रंथसंग्रहात विसाव्या शतकात पुन्हा उजेडात आली. म्हणजे शून्याला सिफ्र म्हणणाऱ्या बगदादमध्येच गुपितं फोडण्याची विद्या जन्मली. तेव्हा या दोन गोष्टींना एकच नाव नव्हतं. ते पुढे युरोपात मिळालं.

युरोपात नेण्याचं मोठं श्रेय पिसाच्या लिओनार्दोचं, ज्याला आपण फिबोनाची म्हणतो. वडिलांच्या नोकरीमुळे तो उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात, म्हणजे आजच्या अल्जीरियात, वाढला आणि तिथेच भारतीय आकडे शिकला. १२०२ साली त्यानं लिबेर आबाची हे जाडजूड पुस्तक लिहिलं. सुरुवातीलाच तो नऊ भारतीय आकडे मांडतो आणि दहाव्या खुणेला अरब काय म्हणतात ते लॅटिन वळणानं सांगतो, झेफिरुम. या झेफिरुमचं इटालियनमध्ये घासून घासून झिरो झालं. दुसऱ्या वाटेनं सिफ्रचं सिफ्रा झालं, फ्रेंचमधून ते इंग्लंडला गेलं आणि सायफर झालं. झिरो आणि सायफर हे असे सख्खे भाऊ. इंग्रजीत सायफर आधी आला. झिरो तिथे रुळला तो दोनेकशे वर्षांनी, सतराव्या शतकाच्या तोंडाशी. तोवर इंग्रज माणूस शून्याला सायफरच म्हणत होता. धाकटा आल्यावर शून्याचं काम त्यानं घेतलं आणि थोरला मोकळा झाला. मोकळा झाला म्हणूनच तो इतक्या ठिकाणी जाऊ शकला, असं मला वाटतं. भाषेत हातचं काम गेलेले शब्द बहुतेक मरतात. हा मेला नाही.

पण परक्या मुलखात त्याला सुखानं कोणी राहू दिलं नाही. १२९९ साली फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघानं आपल्या सभासदांना हिशेबाच्या वह्यांत नवे आकडे लिहायला बंदी केली. रक्कम अक्षरी लिहायची. शून्याला वर किंवा खाली शेपूट काढलं की त्याचा सहा किंवा नऊ करता येतो, ही लबाडीची धास्ती त्यामागे होती असं इतिहासकार सांगतात. ती धास्ती अजून गेलेली नाही. तुम्ही चेक लिहिता तेव्हा रक्कम अंकी लिहिता आणि पुन्हा अक्षरी लिहून पुढे ‘फक्त’ घालता. आपल्याकडच्या १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं अठरावं कलम स्पष्ट सांगतं की अंकी आणि अक्षरी रकमेत फरक असेल तर अक्षरी रक्कम धरायची. सव्वासातशे वर्षं झाली तरी आकड्यांच्या शब्दावर कायदा विसंबत नाही.

या बंदीवरून एक कथा सांगितली जाते. म्हणे व्यापारी चोरून हे आकडे वापरू लागले आणि म्हणून सायफरचा अर्थ चोरटं लिखाण असा झाला. कथा कानाला गोड आहे, पण मला ती पटत नाही. त्याहून सरळ कारण समोर आहे. इटलीतल्या राजदरबारांचे कारकून गुप्त पत्रात अक्षरांच्या किंवा नावांच्या जागी आकडे आणि नवी चिन्हं घालत. आकड्याला तोवर सिफ्राच म्हणत होते, मग आकड्यांत लिहिलेलं पत्रही सिफ्रात लिहिलेलं झालं. शून्याचं नाव आधी साऱ्या आकड्यांना मिळालं आणि आकड्यांकडून गुपितांकडे गेलं. व्हेनिसमध्ये तर १५०६ साली जोव्हान्नी सोरो नावाच्या माणसाला याच कामावर नेमलं. आपली पत्रं गूढ करायची आणि दुसऱ्यांची फोडायची. त्याची कीर्ती इतकी की पोपच्या दरबारातून न सुटलेली पत्रं त्याच्याकडे यायची.

या धंद्यात मात्र सायफरच्या अंगातलं जुनं शून्य पुन्हा वर आलं. अल-किंदीची मोजणी हाणून पाडायला गूढपत्र लिहिणारे मजकुरात मधूनच काही पोकळ खुणा पेरू लागले. त्या खुणांना काही अर्थ नसायचा. त्या नुसत्या जागा अडवायच्या, मोजणाऱ्याचा हिशेब चुकवायच्या. आपल्याकडे मुलं ‘च’ची भाषा बोलतात, पाण्याला चाणीपा म्हणतात, त्यातला तो ‘च’ असाच असतो. त्याला स्वतःचा अर्थ नाही, पण तो आला की शेजारी बसलेल्या आजीला काही कळत नाही.

अशा पोकळ खुणांवर विश्वास ठेवून एक राणी मेली. स्कॉटलंडची मेरी इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं तिथल्या एलिझाबेथ राणीच्या कैदेत होती. १५८६ साली चार्टलीच्या गढीत ती असताना बिअरच्या पिंपात लपवून तिची पत्रं आत-बाहेर जात. अँथनी बॅबिंग्टन या तरुण सरदाराशी ती ज्या लिपीत पत्रव्यवहार करत होती, तिच्यात अक्षरांसाठी तेवीस खुणा होत्या, काही शब्दांसाठी वेगळ्या, पुढचं अक्षर जोडाक्षरासारखं दुहेरी वाचायचं हे सांगणारी एक, आणि चार निव्वळ पोकळ. तिला वाटत होतं की पिंपातली वाट फक्त तिच्या माणसांना ठाऊक आहे. प्रत्यक्षात तो मार्गच एलिझाबेथचा मंत्री वॉल्सिंगहॅम याच्या माणसांनी आखलेला होता. थॉमस फेलिप्स नावाचा त्याचा लिपिकार प्रत्येक पत्र फोडायचा, उतरवून घ्यायचा, आणि ते पुन्हा बंद होऊन पुढे जायचं. एलिझाबेथच्या खुनाच्या कटाला मेरीची संमती दाखवणारं जुलैमधलं पत्र हाती आलं, तेव्हा फेलिप्सनं वर फाशीच्या खांबाची खूण काढली. एवढ्यावर तो थांबला नाही. त्यानं मेरीच्याच लिपीत एक खोटा ताजा कलम जोडला आणि कटातल्या सहा जणांची नावं विचारली. बॅबिंग्टन आणि त्याचे साथीदार मेले. ८ फेब्रुवारी १५८७ रोजी फॉदरिंगहेच्या किल्ल्यात मेरीचं शीर उडवलं गेलं.

इतिहासातली ही घटना मी कितीदा वाचली तरी एक गोष्ट मनातून जात नाही. सायफर नसता तर मेरीनं इतकं उघड लिहिलंच नसतं. अंगावर पडदा आहे या भरवशानं माणूस जे बोलतो, ते तो उघड्यावर कधी बोलत नाही. कच्चा सायफर हा उघड्या पत्रापेक्षा जास्त घातक असतो. मेरीची आणखी पत्रं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात चुकीच्या नोंदीखाली पडून होती. तिघा अभ्यासकांनी २०२३ साली संगणकाच्या मदतीनं त्यातली ५७ पत्रं उलगडली. साडेचारशे वर्षांपूर्वीचा तिचा आवाज, तब्येतीच्या तक्रारी, मुलाची काळजी, हे सगळं पुन्हा वाचता आलं. सायफरवर त्या बाईचं जुनं देणं होतं, त्यातलं थोडं फिटलं.

युरोपभर या घराण्याच्या शाखा पसरल्या आणि दोन्ही अर्थ वाटून घेतले. फ्रेंच माणूस शिफ्र म्हणतो तेव्हा त्याच्या मनात आकडा असतो, कधी गुप्त लिपीही असते. जर्मन त्सिफर म्हणजे अंक. पोलिश भाषेनं दोघांना वेगळं काढलं. त्सिफ्रा म्हणजे अंक आणि शिफर म्हणजे गुप्त लिपी. या शिफरच्या नावाचं सरकारी खातं पोलंडमध्ये होतं. तिथे मारियान रेयेव्हस्की या तरुण गणितज्ञानं १९३२ च्या डिसेंबरात जर्मनांच्या एनिग्मा या गूढलेखन यंत्राची आतली तारजोडणी गणिताच्या जोरावर शोधून काढली. युद्ध तोंडावर आल्यावर, जुलै १९३९ मध्ये, वॉर्साजवळच्या पिरीच्या रानात पोलिशांनी ती विद्या इंग्रज आणि फ्रेंचांच्या हवाली केली. ब्लेचली पार्क या इंग्रजांच्या गूढलिपी फोडणाऱ्या केंद्राचं जगभर कौतुक होतं ते योग्यच आहे, पण त्यात रेयेव्हस्कीचं नाव आधी घ्यायला हवं. आपल्याकडे ते अजूनही फारसं घेतलं जात नाही.

सर्वांत हृद्य गोष्ट अरबांच्या घरची. त्यांनी जगाला सिफ्र दिला. तो फ्रेंचांकडे जाऊन शिफ्र झाला आणि शेकडो वर्षांनी शिफ्रा होऊन परत अरबीत आला, गुप्त लिपीचा अर्थ घेऊन. आता अरबीत सिफ्र म्हणजे शून्य आणि शिफ्रा म्हणजे गूढलिपी. तुर्कीतही तसंच, सिफिर आणि शिफ्रे. परदेशी गेलेला मुलगा नाव बदलून घरी आला आणि घरच्यांनी त्याला वेगळी खोली दिली.

गोव्यातही त्याचा एक नातलग येऊन गेला. १९५८ साली पोर्तुगीज सरकारनं गोव्यात रुपियाच्या जागी एस्कुदो आणला, एका रुपियाला सहा एस्कुदो. पोर्तुगीज रीतीप्रमाणे एस्कुदो आणि सेंतावू यांच्या आकड्यांमध्ये डॉलरसारखी दिसणारी एक खूण लिहीत. तिचं नाव सिफ्रांव, सिफ्राचाच वाढवलेला अवतार. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि ही खूण तिथल्या व्यवहारातून गेली.

इंग्रजीत थोरल्या भावानं शाळेतही नोकरी केली. शिकवायचं काय तर वाचणं, लिहिणं आणि सायफरिंग, म्हणजे हिशेब. मुलं हातानं शिवलेल्या वह्यांत गणितं उतरवून घेत. अशाच एका मुलाच्या वहीची काही पानं आजवर जपून ठेवली आहेत. तो मुलगा अब्राहम लिंकन. स्वतःच्या शिक्षणाविषयी लिहिताना लिंकननं सांगितलं की त्याच्या रानातल्या वस्तीत मास्तराकडून वाचणं, लिहिणं आणि त्रैराशिकापर्यंतचं सायफरिंग यापलीकडे काही अपेक्षाच नसे. हे वाचून मराठी माणसाला थांबावं लागतं. त्रैराशिक हे नाव आपल्याकडे आर्यभटाच्या ग्रंथात, इसवी सन ४९९ च्या सुमारास, आलेलं आहे. तीन आंबे इतक्याला तर दहा कितीला, ही आपल्या आजोबांच्या पाटीवरची रीत अरबांमार्फत आणि इटालियन व्यापाऱ्यांमार्फत इंडियानाच्या जंगलातल्या लाकडी शाळेत पोचली होती. शून्य आणि त्रैराशिक दोघंही तिथे एकाच वहीत बसले होते.

आता त्याच्या अपमानाचा अर्थ. शून्याची स्वतःची किंमत नाही म्हणून नगण्य माणसाला सायफर म्हणायची चाल इंग्रजीत पडली. शेक्सपियरला ही गोष्ट चांगली उमगली होती. लिअर राजानं राज्य वाटून टाकल्यावर त्याचा विदूषक त्याला आकड्याविना उरलेलं शून्य म्हणतो. पण १५९९ च्या सुमाराच्या हेन्री पाचवा नाटकाच्या सुरुवातीला निवेदक हीच उपमा उलटी वापरतो. आम्ही नट म्हणजे मोठ्या हिशेबातली शून्यं आहोत, पण शून्य योग्य जागी बसलं तर लाखांची रक्कम उभी राहते, तसं आमच्यावरून तुम्ही सैन्यं कल्पा, असं तो प्रेक्षकांना विनवतो. मला लिअरपेक्षा हा अर्थ जवळचा वाटतो.

विसाव्या शतकात गुप्त लिपी आणि नगण्य माणूस या दोन अर्थांची गाठ एका खऱ्या माणसाच्या आयुष्यात पडली. इगोर गुझेंको कॅनडात ओटावाच्या सोव्हिएत वकिलातीत सायफरचा कारकून होता. हुद्दा लहान, मान तर त्याहून लहान, पण मॉस्कोला जाणारे गुप्त संदेश त्याच्या हातून जायचे. ५ सप्टेंबर १९४५ च्या रात्री तो शंभरावर कागद अंगावर लपवून बाहेर पडला. त्या रात्री वर्तमानपत्राच्या कचेरीत कोणी त्याचं ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी बायकोमुलाला घेऊन तो सरकारी दारं ठोठावत राहिला. शेवटी सोव्हिएत माणसं त्याचं घर फोडायला आली तेव्हा कॅनडाच्या पोलिसांना त्याचं खरं वाटलं. त्याच्या कागदांनी अणुबॉम्बच्या गुपितांपर्यंत पोचलेलं हेरांचं जाळं उघडं पडलं. नंतरची वर्षं त्यानं बदललेल्या नावानं काढली आणि दूरचित्रवाणीवर येताना डोक्यावर बुरखा घेतला. सायफरच्या कारकुनाला चेहराही ठेवता आला नाही.

राजवाड्यात मात्र हाच सायफर डोक्यावर मुकुट घेऊन बसतो. राजाच्या किंवा राणीच्या नावाच्या अक्षरांची मुद्रा म्हणजे रॉयल सायफर. ब्रिटनमध्ये टपालपेट्यांवर तो ओतलेला असतो आणि पेटी कोणाच्या राज्यात बसवली ते त्यावरून कळतं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर लोक पेटून उठतात. एडिंबरोच्या इंच वस्तीत १९५२ च्या अखेरीस एलिझाबेथ दुसरी अशी मुद्रा असलेली पेटी बसवली. स्कॉटलंडला पहिली एलिझाबेथ राणी म्हणून कधी नव्हतीच, मग ही दुसरी कशी, असा तिथल्या लोकांचा सवाल होता. फेब्रुवारी १९५३ मध्ये ती पेटी स्फोटानं उडवली गेली. पुढे स्कॉटलंडच्या पेट्यांवर नुसता स्कॉटिश मुकुट येऊ लागला. आपल्या देशात इंग्रज राजाच्या आद्याक्षरांपुढे ‘आय’ लागायचा, इम्पेरातोर म्हणजे सम्राट या अर्थानं. १९४७ साली आपण स्वतंत्र झालो, १९४८ च्या जूनमध्ये हिंदुस्थानचा सम्राट ही पदवी रीतसर संपली, आणि ते अक्षर कायमचं गळालं. साऱ्या सायफरांत या एका अक्षराच्या जाण्याचा मला आनंद आहे.

उरला ऑर्गनचा सायफर. कोणी पट्टी दाबलेली नसताना एखादा सूर आपोआप वाजत राहतो, तो थांबत नाही, त्याला इंग्रजीत सायफर म्हणतात. आपल्याकडे संगीत नाटकांत पायानं भाता मारायचा ऑर्गन बालगंधर्वांच्या काळापासून आहे आणि हातपेटी तर घरोघरी. पेटी वाजवणाऱ्या कोणालाही हे दुखणं ठाऊक असतं. पट्टी दाबली की आतली झडप उघडते, हवा सुरातून जाते, पट्टी सोडली की स्प्रिंग झडप मिटवते. पावसाळ्यात लाकूड फुगलं, झडपेखाली धुळीचा कण अडकला, स्प्रिंग सैल झाली, की झडप पुरती मिटत नाही. भाता हलला रे हलला की तो सूर लागतो आणि गाणाऱ्याचा षड्ज कुठलाही असो, हा आपला वेगळाच चालू राहतो. वाजवणारा नाही, हेतू नाही, तरी आवाज आहे. बाकीच्या सगळ्या अर्थांत सायफर दुसऱ्यांसाठी गप्प राहतो. इथे तो एकदाच मोठ्यानं बोलतो आणि त्यालाच बिघाड म्हणतात.

आज त्याचा मुक्काम आपल्या खिशात आहे. मोबाइलवरून पैसे पाठवताना, बँकेच्या संकेतस्थळावर शिरताना जो मजकूर तारांतून जातो, त्याला झाकणारी रीतही सायफरच. २००१ साली अमेरिकेनं प्रमाण म्हणून स्वीकारलेली आणि जगभर पसरलेली त्यातली एक रीत योआन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांनी रचली. ती मजकूर १२८ शून्य-एकांच्या गठ्ठ्यांत उचलते, ढवळते, फिरवते, मिसळते. ब्रह्मगुप्ताचं शून्य आणि मेरीची गूढलिपी तिथे अखेर एकाच कामाला लागली आहेत.

शेजारच्या देशात तर अलीकडे या शब्दानं राजकारण ढवळून काढलं. पाकिस्तानचे माजी पंतप्रधान इम्रान खान यांनी परदेशातून आलेल्या गुप्त तारेतला मजकूर फोडल्याचा खटला ‘सायफर’ याच नावानं चालला. जानेवारी २०२४ मध्ये त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, जूनमध्ये इस्लामाबादच्या उच्च न्यायालयानं त्यांना त्या खटल्यात निर्दोष सोडलं. त्या महिन्यांत उर्दू वर्तमानपत्रांत सिफर आणि सायफर दोघंही राहत होते, एक शून्य, दुसरा गुप्त तार. एकाच घरचे दोघं, पण आता एकमेकांना ओळखत नाहीत.

या घराण्यातला घरीच राहिलेला एक वारसदार मात्र आपण जवळजवळ गमावला आहे. मराठीत शून्याला पूज्य म्हणत. एकावर पूज्य दहा, असं पंतोजींच्या शाळेत मुलं घोकत. ‘अकलेच्या नावानं पूज्य’ असं वडीलधारी माणसं अजून कधीतरी म्हणून जातात, आणि बोलणाऱ्याला वा ऐकणाऱ्याला त्यातला अंक आठवतही नाही. युरोपनं शून्याला रिकामं म्हटलं, भामटं म्हटलं, नगण्य माणसाच्या कपाळी त्याचं नाव चिकटवलं. आपल्या पंतोजींनी त्याला पूजेचा मान दिला. परीक्षेत मिळतो त्या भोपळ्याच्या धाकात वाढलेल्या आपल्या मुलांना हे कोणी सांगत नाही. तुमच्या घरात कोणा आजीआजोबांच्या तोंडी उजळणीतलं पूज्य अजून असेल, कुठे जुन्या हिशेबाच्या चोपडीत ते लिहिलेलं सापडलं, तर ते शब्द आणि त्या ओळी जशाच्या तशा टिपून ठेवा आणि घरातल्या शाळकरी मुलाला म्हणून दाखवा.